एकट्या पालकाचं घर आणि किशोरवयीन मुलांची शाळा: कमी वेळात काय करावं, काय सोडून द्यावं

‘घरात एकच पालक असला की मुलं अभ्यासात मागे पडतात’ हे वाक्य नातेवाईक, शेजारी आणि कधीकधी शिक्षकसुद्धा इतक्या ठामपणे बोलतात की ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं. त्यात तथ्य किती आणि ऐकीव किती, हे आधी निवडून घेऊ. पुढच्या पायऱ्या त्यावरच ठरतात.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ सारा मॅक्लॅनहन आणि गॅरी सँडेफर यांनी १९९४ मध्ये तिथल्या देशव्यापी पाहण्यांची आकडेवारी एकत्र मांडली. एका पालकाजवळ वाढलेल्या मुलांमध्ये शाळा अर्धवट सोडण्याचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. लोकांच्या लक्षात राहतं ते एवढंच. पण या दोघांनी कारणंही शोधली होती. फरकाचा जवळजवळ निम्मा भाग कमी उत्पन्नामुळे येत होता. उरलेल्यात मोठा वाटा होता तो पालकाचा वेळ आणि लक्ष कमी पडण्याचा आणि वारंवार घर बदलण्याचा. त्याआधी १९९१ मध्ये पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी घटस्फोटावरच्या ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात घटस्फोट झालेल्या आणि आई-बाबा एकत्र असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये फरक दिसला, पण सरासरीने तो लहानच होता. घटस्फोटित कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनाही अशा घरांतली सुमारे तीन चतुर्थांश मुलं पुढे व्यवस्थित मार्गी लागलेली आढळली.

म्हणजे तूट असते ती पैशाची, वेळेची आणि स्थैर्याची. पैशाचं एका रात्रीत काही होत नाही. वेळ आणि स्थैर्य यांचं बरंच काही करता येतं. त्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच सोडून द्या: आई आणि बाबा दोन्ही होण्याचा अट्टहास. दोन माणसांची कामं एकट्याने ओढणारा पालक रात्री दहापर्यंत इतका थकतो की मुलाच्या वाट्याला त्याची चिडचिडच येते. कामांची यादी अर्ध्यावर आणा आणि राहिलेली अर्धी नीट करा.

पायरी १: आठवडा कागदावर उतरवा

एक मोठा कागद घ्या, सात रकाने आखा आणि मुलाला शेजारी बसवा. सगळ्यात आधी झोप भरा. अनेक घरांत ती उरलेल्या वेळात बसवली जाते आणि तिथेच गणित चुकतं. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. वयात येताना शरीराचं घड्याळही पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. त्याला आळस म्हणून रोज सकाळी भांडण काढण्यात अर्थ नाही. रात्रीचे दिवे आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे कधी बंद होतात याकडे बघा.

झोपेनंतर शाळा, प्रवास आणि शिकवणी भरा. मग तुमची नोकरी, तुमचा प्रवास, स्वयंपाक, बाजारहाट, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं. शेवटी जे पांढरे चौकोन उरतील ते बघून पोटात गोळा येईल. येऊ द्या. दोघांनी मिळून ते बघणं हाच या कागदाचा उपयोग. आपली आई किंवा आपले बाबा दिवसभर कुठे असतात, हे बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच असं समोर दिसतं.

उरलेल्या चौकोनांतून फक्त दोन जागा राखून ठेवा: रोजची पंधरा-वीस मिनिटं आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास. पाळ्या बदलत असतील तर रोजची वेळ घड्याळाला न बांधता एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा. ‘साडेआठला’ असं ठरवलं तर तिसऱ्या दिवशी मोडतं, ‘रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलली की’ असं ठरवलं तर टिकतं.

शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंतचे तास सगळ्यात निसटते. ‘घरी आल्यावर अभ्यास कर’ या सूचनेचा तिथे काही उपयोग होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं आहे की ‘असं झालं की मी हे करीन’ अशा बांधीव वाक्यात ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा पार पडते. तेव्हा वाक्य मुलाकडूनच लिहून घ्या: ‘दप्तर ठेवून, खाऊन, अर्धा तास लोळून झालं की मी गणिताची वही उघडतो.’ लोळण्याचा अर्धा तास त्यात मुद्दाम ठेवायचा. नाहीतर तो दीड तास होतो.

पायरी २: घरकाम वाटा, पण काय वाटताय ते बघा

एकट्या पालकाच्या घरात मुलांना काम करावंच लागतं, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. कपडे वाळत घालणं, भाजी चिरणं, पाणी भरणं यातून मुलं जबाबदार होतात. बिघडतं ते मूल घरातलं दुसरं मोठं माणूस झालं की. पगार पुरेल का, घरमालक काय म्हणाला, तुझ्या बाबांनी पुन्हा कसं फसवलं, या सगळ्याचा श्रोता चौदा वर्षांचा मुलगा असेल, तर तो वर्गात बसूनही घरीच असतो. विशेषतः थोरल्या मुलींच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्या तक्रार करत नाहीत. उलट ‘किती समजूतदार आहे’ म्हणून त्यांचं कौतुक होतं आणि त्या आणखी अडकतात.

तुमचं मन मोकळं करायला मोठ्या वयाचं माणूस शोधा: बहीण, मित्र, समुपदेशक, कोणीही. कामाचं म्हणाल तर तीन गोष्टी पाळा. मुलाची कामं ठरलेली आणि मोजकी असावीत. परीक्षेच्या आठवड्यात ती निम्म्यावर यावीत. आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचं काम कायमचं एकाच मुलाच्या गळ्यात नसावं. जमलं नाही तर त्या दिवशी घर पसरलेलं राहिलं तरी चालतं.

पायरी ३: आठवड्याची बैठक

सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, अर्धा तास, दोघांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत. समोर येत्या आठवड्याचा कोरा कागद आणि पेन मुलाच्या हातात. पेन तुमच्या हातात गेलं की बैठकीची चौकशी समिती होते.

नववीतला मुलगा आणि त्याची आई यांची अशी बैठक साधारण अशी चालते:

‘या आठवड्यात काय काय द्यायचंय?’

‘इतिहासाचा प्रकल्प. आणि शुक्रवारी बीजगणिताची चाचणी.’

‘बीजगणितात घोडं कुठे पेंड खातंय?’

‘सूत्रं येतात गं. शाब्दिक उदाहरण आलं की समीकरणच मांडता येत नाही.’

‘मला तर तेही येणार नाही. कोणाला विचारता येईल?’

‘सर मधल्या सुट्टीत सांगतात. पण तिथे सगळी हुशार पोरं घोळका करून असतात.’

‘मग?’

‘मंगळवारी त्या पोरांचा सराव असतो मैदानावर. मंगळवारी जातो.’

‘लिही तसं. मी बुधवारी विचारीन. त्याआधी विषय काढणार नाही.’

आईला बीजगणित येत नाही आणि तिने शिकवलंही नाही. नेमकं काय अडलंय ते तिने त्याच्याच तोंडून काढलं, पुढचं पाऊल त्यालाच ठरवू दिलं आणि विचारायचा दिवस ठरवून टाकला. ‘त्याआधी विषय काढणार नाही’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते पाळायलाही सगळ्यात अवघड. पण पाळलं नाहीत तर तिसऱ्या आठवड्यापासून मुलगा कागदावर खोटं लिहायला लागेल.

या बैठकीत मागचे गुण काढायचे नाहीत, शेजारच्या मुलीचं उदाहरण द्यायचं नाही, आणि ‘मी तुझ्यासाठी एवढं करते/करतो’ हे तर नाहीच. कागद भरून झाला की तो सगळ्यांना दिसेल असा लावा आणि उठा. अर्ध्या तासाआधी संपली तर ताणू नका.

काही मुलं ताकास तूर लागू देत नाहीत. ‘काही नाही’, ‘ठीक आहे’, ‘माहीत नाही’ यापलीकडे उत्तर येत नाही. अशा वेळी पालक पाळत ठेवायला लागतात: मोबाइल तपासणं, मित्रांना फोन करणं. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी २००० साली यावर एक फार उपयोगाची गोष्ट दाखवली. मुलांच्या आयुष्यात काय चाललंय हे पालकांना कळतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे. चौकशा आणि पाळत यांचा वाटा त्यात बराच कमी. ज्या पालकाकडे पाळत ठेवायला वेळच नाही, त्याच्यासाठी ही चांगली बातमी आहे. मुलाने एखादी वाईट गोष्ट सांगितली की पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर पुढची गोष्ट तो सांगणार की नाही हे ठरतं. त्या दोन मिनिटांत फक्त ‘बरं, मग काय झालं?’ एवढंच म्हणा. रागवायचं असेल तर उद्या रागवा.

सुरुवातीला नव्याचे नऊ दिवस असतील, मग एखादी बैठक बुडेल. बुडाली तर तिचं दुःख न करता पुढच्या ठरल्या दिवशी बसा.

पायरी ४: शिकवू नका, विचारा

रात्री थकून आल्यावर मुलाचा गृहपाठ घेऊन बसणं हे चांगल्या पालकाचं लक्षण समजलं जातं. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये या वयोगटातल्या मुलांवरच्या ५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात गृहपाठात थेट मदत करण्याचा फायदा खात्रीने दिसला नाही, काही ठिकाणी तर उलटाच संबंध दिसला. सगळ्यात जास्त संबंध होता तो वेगळ्याच गोष्टीशी: शिक्षणाला घरात काय किंमत आहे हे बोलणं, मुलाच्या आवडींचा पुढच्या वाटेशी सांधा जोडणं, अभ्यासाच्या युक्त्यांवर चर्चा करणं. हे सगळं भांडी घासता घासता होऊ शकतं. तेव्हा गृहपाठ घेऊन बसता येत नाही म्हणून झुरणं थांबवा.

तुम्ही एवढं मात्र बघा की मूल अभ्यास कोणत्या पद्धतीने करतंय. जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती पारखल्या. धडा पुन्हापुन्हा वाचणं आणि रंगीत पेनने ओळी रंगवणं या पद्धती तळाला गेल्या. वर आल्या त्या दोनच: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात तर मजा आहे. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय सगळं’ असं वाटतं आणि पेपरात काही आठवत नाही, याचं उत्तर यातच आहे.

घरात हे असं बसवता येतं. मुलीने धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या पानावर आठवेल तेवढं लिहायचं, दहा मिनिटं. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. ते पान टेबलावर ठेवून द्यायचं. तुम्ही कितीही उशिरा आलात तरी ते पान बघायला एक मिनिट लागतं. दुसऱ्या रंगात काय आहे, तेच तिला येत नाही. रोजच्या पंधरा मिनिटांत त्यातलं एक काहीतरी विचारा: ‘हे ऑस्मोसिस काय भानगड आहे? मला समजेल असं सांग.’ तुम्हाला विषय येत नसेल तर फारच उत्तम, तुम्ही खरेखुरे विद्यार्थी व्हाल. तेच पान दोन-तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास बसण्यापेक्षा हे कमी कष्टाचं आहे, पण मुलांना पटायला एक चाचणी जावी लागते.

पायरी ५: शाळेला आधीच सांगून ठेवा

बरेच एकल पालक शाळेपासून घरची परिस्थिती लपवतात. मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतील ही भीती अगदीच निराधार नसते. म्हणून सगळं सांगू नका, शाळेला उपयोगी पडेल तेवढंच सांगा. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांना असा एक निरोप पुरतो:

‘नमस्कार मॅडम, मी नववी ब मधल्या मुलीचा पालक. घरी आम्ही दोघंच असतो आणि माझी नोकरी पाळीची आहे, त्यामुळे दुपारच्या पालकसभेला येणं प्रत्येक वेळी जमणार नाही. संध्याकाळी सातनंतर मी फोनवर नक्की भेटतो. तिची हजेरी किंवा वह्या पूर्ण करणं यात काही कमी जाणवलं तर चाचणीची वाट न बघता मला कळवाल का? दर महिन्याच्या अखेरीस मीही आपल्याला एक फोन करीन.’

कारणमीमांसा नाही, दयेची याचना नाही, कधी आणि कसं भेटता येईल ते स्पष्ट. निरोपात मुलीचं पूर्ण नाव घाला आणि पाठवण्याआधी तो तिला वाचायला द्या. आपल्यामागे काय बोललं गेलं हा संशय या वयात फार लवकर येतो. महिन्याचा फोन मात्र चुकवू नका. शिक्षकांशी पहिलं बोलणं तक्रारीच्या दिवशी झालं तर ते भांडणासारखंच होतं.

हजेरीकडे लक्ष ठेवा. अमेरिकेत वर्षातले दहा टक्के किंवा अधिक दिवस बुडाले तर ती धोक्याची पातळी मानतात. ऐकायला मोठं वाटतं, पण महिन्याला दोन दिवस बुडाले की वर्षाअखेर माणूस तिथे पोचतो. धाकटा आजारी म्हणून एक दिवस, बँकेत जायचं म्हणून अर्धा, असे दिवस जातात ते मोठ्या मुलांचेच.

पायरी ६: दुसरा पालक

पालक विभक्त असतील तर अभ्यासाला सगळ्यात मोठा सुरुंग लागतो तो भांडणाचा. अमाटो, लॉरा लूमिस आणि ॲलन बूथ यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ज्या घरांत आधी कडाक्याची भांडणं होती, तिथली मुलं पालक वेगळे झाल्यावर पुढे तुलनेने बरी राहिली. भांडण कमी असलेल्या घरांत मात्र वेगळं होण्याचा त्रास मुलांना जास्त झाला. यातून आपल्या कामाचं एवढंच: वेगळं झाल्यावरही भांडण चालूच राहिलं, तर वेगळं होऊन मुलाच्या पदरात काही पडलं नाही.

निरोप्या म्हणून मुलाला वापरू नका. ‘बाबांना सांग फीचे पैसे पाठवा’ हे वाक्य तुम्हाला साधं वाटतं. मुलाला ते दिवसभर पोटात घेऊन फिरावं लागतं. शाळेशी संबंधित सगळं दोघा मोठ्यांनी थेट आणि लेखी ठरवावं. बोलणं शक्यच नसेल तर निदान वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा आणि गुणपत्रिका दोघांनाही शाळेकडून थेट मिळतील अशी व्यवस्था करा.

मूल दोन घरांत राहत असेल तर कंपासपेटी, शब्दकोश, चार्जर, गणवेशाचा एक जोड दोन्हीकडे हवा. पुस्तकाचा दुसरा संच परवडला तर उत्तम, नाहीतर चालू धड्यांचे फोटो. ‘वही तिकडे राहिली’ हे कारण निम्म्या वेळा खरं असतं.

दुसरा पालक हयात नसेल तर गोष्ट निराळी. दुःखाला वेळापत्रक नसतं. मृत्यूनंतर लगेच गुण टिकलेला मुलगा वर्षाने अचानक घसरू शकतो, वाढदिवस किंवा वर्षश्राद्ध जवळ आलं की पुस्तक समोर ठेवून नुसता बसू शकतो. ‘त्याचं स्वप्न होतं तू मोठा व्हावंस’ असं म्हणून अभ्यासाला जुंपू नका. गेलेल्या माणसाबद्दल घरात सहज बोललं जाणं जास्त कामाचं.

पायरी ७: आणखी एक मोठं माणूस

एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञांनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, मोडलेली घरं अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आपल्याला मानणारं निदान एक भरवशाचं मोठं माणूस. ते पालकच असायला हवं असं नव्हतं. आजी होती, शिक्षक होते, शेजारी होते.

असं माणूस आपोआप सापडेल याची वाट बघू नका, मागा. ‘जरा लक्ष ठेव हं त्याच्याकडे’ असं म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि कोणी काही करत नाही. नेमकं मागा: ‘दादा, दर शनिवारी तासभर त्याच्याबरोबर सायन्स घेशील का? दोन महिने बघू.’ किंवा ‘मावशी, माझी रात्रपाळी असेल त्या दिवशी ती तुमच्याकडे बसून अभ्यास करेल, चालेल?’ ठरावीक काम आणि ठरावीक मुदत असली की लोकांना हो म्हणणं सोपं जातं. मुलालाही आधी विचारा. तुम्हाला आवडणारा काका त्याला असह्य होत असेल. आणि जे कोणी मदत करील त्या माणसाजवळ मूल किती मोकळं आहे, त्याला काही खटकतंय का, यावर नजर ठेवा. मदत मिळतेय म्हणून डोळे मिटून घेऊ नका.

पायरी ८: नियम थोडे, पण तुमच्या गैरहजेरीतही चालणारे

डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याचे प्रकार मांडले. माया आणि शिस्त दोन्ही असलेल्या घरांतली मुलं शाळेतही बरी चालतात, हे नंतर पुष्कळ अभ्यासांत दिसलं. एकट्या पालकाचा गोंधळ असा की अपराधीपणातून आज सगळी सूट मिळते आणि थकव्यातून उद्या सगळ्यालाच बंदी. या वयातली मुलं धरलं तर चावतात, सोडलं तर पळतात. म्हणून नियम तीन-चारच ठेवा आणि ते असे असावेत की तुम्ही घरी नसलात तरी पाळले गेले की नाही हे कळावं. ‘मोबाइल कमी बघ’ हा नियम नव्हे. ‘अभ्यासाच्या वेळी मोबाइल बाहेरच्या खोलीत, रात्री दहाला चार्जिंगला, आणि चार्जर झोपण्याच्या खोलीत नाही’ हा नियम. तुमचाही मोबाइल तिथेच लागला पाहिजे.

पैशाबाबतही असंच नेमकं बोला. ‘आपल्याला परवडत नाही’ असं मोघम सांगितलं की मुलं एकतर घाबरतात नाहीतर विश्वास ठेवत नाहीत. ‘या वर्षी एकाच विषयाची शिकवणी लावता येईल, कोणत्या विषयाची हवी?’ असं विचारलं की निर्णयात तीही येतात. शिष्यवृत्ती, फीमाफी, सार्वजनिक वाचनालय यांची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करा, मुदती तेव्हाच संपतात. घर बदलणं भाग असेल तर शक्यतो वर्ष संपल्यावर, आणि शाळा तीच राहील असं बघा.

पायरी ९: घसरण कधी साधी आणि कधी नाही

एखाद्या विषयात गुण कमी झाले तर तो अभ्यासाचा प्रश्न. सगळ्याच विषयांत एकदम झाले, झोप आणि भूक बदलली, जुने मित्र तुटले, आवडीचा खेळ सुटला आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तो अभ्यासाचा प्रश्न नाही. तिथे शिकवणी वाढवून काही होणार नाही. शाळेच्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोला. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काहीही कानावर आलं तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका, त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका.

पायरी १०: निकालानंतरचा आठवडा

निकालाच्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग उत्तरपत्रिका घेऊन बसा. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर मुलाला तीनपैकी एक अक्षर लिहायला सांगा: येतच नव्हतं तर ‘न’, येत होतं पण घाईत चुकलं तर ‘घ’, वेळ पुरला नाही तर ‘व’. मोजणी त्यालाच करू द्या. ‘न’ जास्त निघाले तर कोऱ्या पानाची सवय कुठे सुटली ते शोधा आणि कोणाकडून शिकायचं ते ठरवा. ‘घ’ जास्त निघाले तर पेपर तपासायला शेवटची दहा मिनिटं राखण्याचा घरी सराव करा. ‘व’ जास्त निघाले तर जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवू द्या. मग पहिल्या पायरीतला सात रकान्यांचा कागद पुन्हा आखा, कारण नव्या सत्रात तुमच्या पाळ्या आणि त्याचं वेळापत्रक दोन्ही बदललेली असतील.